समुद्राच्या पोटांतील कानोसा

आपल्यापैकीं जे कोणी लहानपणीं विहिरींत किंवा नदीच्या डोहांत पोहावयास शिकले असतील, त्यांना एक खेळ आठवत असेल. एकानें बुडी मारून पाण्याखालीं दोन दगड एकमेकांवर आपटावयाचे, आणि दुसऱ्यानें दूर राहून, डोकें पाण्यांत घालून तो आवाज ऐकावयाचा. आवाज इतका स्पष्ट येतो कीं, दगड जणुं आपल्या कानाशींच वाजले असें वाटतें. पण तो कोणत्या बाजूनें आला असें कोणीं विचारलें, तर नेमकें सांगतां येत नाहीं. हवेंतील आवाज एका कानाला आधीं व दुसऱ्या कानाला किंचित् मागाहून पोंचतो, आणि त्या अल्पशा अंतरावरून आपला मेंदु दिशा ताडतो. पाण्यांत ध्वनि हवेच्या चौपटीहून अधिक वेगानें धांवतो. त्यामुळें तें अंतर जवळ जवळ नाहींसें होतें आणि मेंदूची फसगत होते.

पाण्याखालीं लपलेल्या पाणबुडीचा शोध माणसानें कसा लावला, ही आजच्या भाषणाची हकीकत आहे. तिच्यांतील सारी आशा आणि सारी अडचण या पोरखेळांत सांठविलेली आहे. पाण्यांत ऐकूं येतें, पण कोठून तें कळत नाहीं.

पाण्यांतील ध्वनीचें हें सामर्थ्य फार पूर्वींच लोकांच्या ध्यानांत आलें होतें. लांब नळीचें एक टोंक पाण्यांत बुडवून दुसरें कानाशीं धरलें असतां दूरच्या जहाजांची चाहूल लागते, असें लिओनार्दो द व्हिंचि यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस नमूद करून ठेविलें आहे. पुढें १८२६ सालीं कोलादाँ आणि श्टुर्म या दोघांनीं जिनीव्हाच्या सरोवरांत ध्वनीचा वेग मोजला. एका होडीवरून पाण्याखालीं घंटा वाजवावयाची आणि त्याच क्षणीं वर दारू पेटवून उजेड करावयाचा; मैलोगणती दूर असलेल्या दुसऱ्या होडींतील माणसानें उजेड दिसल्यापासून घंटा ऐकूं येईपर्यंतचा काळ मोजावयाचा. इतक्या साध्या साधनांनीं त्यांनीं सेकंदास १४३५ मीटर हा आंकडा काढला, व तो आजच्या मोजमापांशीं उत्तम जुळतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत हा वेग सुमारें १५०० मीटर असतो.

१९१२ च्या एप्रिलांत 'टायटॅनिक' हें जहाज हिमनगावर आदळून बुडालें, आणि धुक्यांत व अंधारांत दृष्टि निकामी झाली असतां कानांनीं मार्ग शोधतां येईल काय, या विचारानें उचल खाल्ली. त्याच वर्षीं इंग्लंडांत रिचर्डसन यांनीं प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखण्याच्या युक्तीचें पेटंट मागितलें. अमेरिकेंत फेसेंडन यांनीं पाण्यांत मोठा आवाज उत्पन्न करणारें विजेचें यंत्र बनविलें, आणि १९१४ च्या एप्रिलांत त्याच्या साहाय्यानें उत्तर अटलांटिकांतील एका हिमनगाचा प्रतिध्वनि प्रत्यक्ष मिळविला. प्रवाशांचे प्राण वांचावेत हा या साऱ्या खटपटीचा हेतु होता. चारच महिन्यांनीं महायुद्ध पेटलें, आणि या विद्येचें सारें लक्ष हिमनगावरून पाणबुडीकडे वळलें.

तें वळणें किती निकडीचें होतें हें २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळीं जगाला कळून चुकलें. 'अबूकर', 'होग' आणि 'क्रेसी' या तीन ब्रिटिश क्रूझर उत्तर समुद्रांत गस्त घालीत होत्या. जर्मनांची 'यू-९' ही लहानशी पाणबुडी तेथें होती. तिच्यावरील माणसें तिसांच्या आसपास. पहिला टॉर्पेडो 'अबूकर'ला लागला. आपण सुरुंगावर आदळलों असा तिच्या कप्तानाचा समज झाला, व त्यानें सोबतच्या जहाजांना मदतीस बोलाविलें. बुडणाऱ्या सोबत्यांना वांचविण्याकरितां तीं थांबलीं, आणि थांबल्यामुळेंच एकामागून एक बळी पडलीं. दीड तासांत तिन्ही जहाजें समुद्राच्या तळाशीं गेलीं आणि सुमारें साडेचौदाशें माणसें प्राणांस मुकलीं. या तिन्ही जहाजांपाशीं पाण्याखालचा शत्रु ओळखण्याचें कोणतेंच साधन नव्हतें.

त्यानंतर ब्रिटिश आरमारखात्यानें १९१५ सालीं शास्त्रज्ञांचें एक मंडळ नेमलें. रदरफोर्ड व विल्यम ब्रॅग यांसारखे थोर पदार्थविज्ञानवेत्ते त्यांत होते. अणूच्या अंतरंगाचा वेध घेणारे रदरफोर्ड मँचेस्टर येथें पाण्याचा हौद बांधून त्यांत ध्वनीचे प्रयोग करूं लागले. ब्रॅग यांची कथा तर मन हेलावून सोडणारी आहे. १९१५ सालीं त्यांना व त्यांचे चिरंजीव लॉरेन्स यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं त्यांचा धाकटा मुलगा गॅलिपोलीच्या रणांगणावर कामास आला. पुढें थोरला मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर शत्रूच्या तोफांचा ठावठिकाणा आवाजावरून काढीत होता, आणि पिता समुद्रकांठीं पाण्याखालच्या यंत्रांना कान लावून बसला होता.

त्या काळचें मुख्य साधन म्हणजे हायड्रोफोन, म्हणजेच पाण्यांत सोडावयाचा कान. यांत एक पातळ पडदा असे. पाण्यांतील ध्वनीनें तो कांपे, आणि तें कंपन तारेंतून वर ऐकणाराच्या कानीं येई. विहिरींतील मुलाला पडणारा प्रश्न येथेंहि उभा राहिला. आवाज येई, दिशा कळेना. ब्रॅग यांनीं पडद्याच्या दोन्ही बाजू पाण्यास मोकळ्या ठेविल्या. अशा पडद्याची कड आवाजाकडे असली, कीं दोन्ही बाजूंनीं सारखाच दाब पडतो आणि पडदा हालत नाहीं. म्हणून यंत्र हळूहळू फिरवावयाचें आणि ज्या ठिकाणीं आवाज मावळेल ती रेषा धरावयाची. ती रेषा पुढची कीं मागची हें ठरविण्याकरितां एका बाजूस आडोसा लावीत.

याच मंडळानें शिकविलेल्या समुद्रसिंहांकडून पाणबुड्या हुडकून घेण्याचाहि प्रयोग करून पाहिला. खेळ करणाऱ्या माणसांकडून ते प्राणी आणविले होते. तलावांत त्यांनीं आशा वाटण्याजोगें काम केलें, पण खुल्या समुद्रांत त्यांचा भरंवसा धरतां येईना. आज आपणांस याचें हसूं येतें. पण बुडणाऱ्याला काडीचा आधार म्हणतात, तशी ती अवस्था होती.

आणि हायड्रोफोनची मर्यादा तरी काय थोडी होती? आपल्या जहाजाचीं एंजिनें चालू असतां दुसऱ्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. ऐकण्यासाठीं जहाज थांबवावें, तर थांबलेलें जहाज म्हणजे पाणबुडीला आयतीच शिकार. 'होग' आणि 'क्रेसी' यांचें उदाहरण ताजें होतें. शिवाय पाणबुडी यंत्रें बंद करून स्वस्थ पडून राहिली, तर ऐकावयाचें तरी काय?

१९१७ च्या फेब्रुवारींत जर्मनीनें पाणबुड्यांचें निर्बंधरहित युद्ध पुकारलें. एकट्या एप्रिल महिन्यांत साडेआठ लक्ष टनांहून अधिक वजनाचीं व्यापारी जहाजें बुडालीं. हें असेंच चाललें तर युद्ध हरावें लागेल, अशी कबुली ॲडमिरल जेलिको यांनीं अमेरिकेच्या ॲडमिरल सिम्स यांच्यापाशीं दिली. या संकटांतून त्या वर्षीं जो बचाव झाला, तो मुख्यतः जुन्या पद्धतीनें. व्यापारी जहाजें एकटींदुकटीं न सोडतां त्यांचा तांडा करून सभोंवतीं लढाऊ जहाजांचें कडें ठेवावें, ही शिडाच्या जहाजांच्या काळापासूनची रीत. आरमारखातें ती स्वीकारण्यास फार दिवस कांकूं करीत होतें. मे महिन्यापासून ती अंमलांत येऊं लागली, आणि बुडणाऱ्या जहाजांची संख्या उतरणीस लागली. विशाल समुद्रांत चाळीस जहाजांचा एक तांडा सांपडणें हें चाळीस सुट्या जहाजांपैकीं एखादें सांपडण्याहून कितीतरी अवघड असतें, हा साधा हिशेब त्याच्या मुळाशीं होता.

तिकडे फ्रान्समध्यें मात्र नव्या युक्तीची जुळवाजुळव चालली होती. शत्रु गप्प बसला तरी त्याला बोलतें करावयाचें, ही ती युक्ति. डोंगराकडे तोंड करून हांक मारली तर डोंगर उत्तर देतो. तसाच पाण्यांत आवाज सोडावयाचा आणि पाणबुडीच्या पोलादी अंगावरून परत येणारा प्रतिध्वनि ऐकावयाचा. जावयाला व यावयाला मिळून दोन सेकंद लागले, तर पाणबुडी दीड हजार मीटरवर आहे, हें कोणीहि सांगूं शकेल. पण साधा आवाज पाण्यांत चोहोंकडे पसरतो. त्याचा दिव्याच्या झोतासारखा अरुंद पट्टा करावयाचा, तर त्याच्या लहरी अतिशय आंखूड हव्यात, म्हणजेच कंपनें माणसाच्या कानालाहि न कळण्याइतकीं जलद हवींत. सेकंदास चाळीस हजार कंपनें असलीं, म्हणजे पाण्यांत एका लहरीची लांबी चार सेंटिमीटरांहून कमी भरते.

हीं कंपनें उत्पन्न कशीं करावयाचीं? याचें उत्तर पॉल लाँजव्हाँ यांना आपल्या गुरूच्या एका जुन्या शोधांत सांपडलें. प्येर क्यूरी आणि त्यांचे बंधु झाक यांनीं १८८० सालीं दाखवून दिलें होतें कीं, स्फटिकाच्या, म्हणजे गारेच्या, विशिष्ट रीतीनें कापलेल्या चकतीवर दाब दिला असतां तिच्या पृष्ठावर विद्युत् प्रकट होते. आणि पुढें असें सिद्ध झालें कीं, उलट विजेचा दाब दिला तर ती चकती आकुंचन व प्रसरण पावते. जवळ जवळ पस्तीस वर्षें हा शोध प्रयोगशाळेंतील एक नवलाईच होऊन राहिला होता. लाँजव्हाँ यांनीं पोलादाच्या दोन तबकड्यांमध्यें स्फटिकाचे तुकडे बसविले. हें एकच उपकरण आवाज सोडूंहि शके आणि ऐकूंहि शके. १९१८ च्या आरंभीं तूलाँ बंदराबाहेर त्यांना पाणबुडीचा प्रतिध्वनि मिळाला. इंग्लंडांत रदरफोर्ड यांचे शिष्य रॉबर्ट बॉइल याच मार्गानें चालले होते, व त्याच वर्षीं त्यांनाहि यश आलें. परंतु हें यंत्र रणांत उतरण्यापूर्वींच नोव्हेंबरांत युद्ध संपलें.

ब्रिटिशांनीं या यंत्रास 'ॲस्डिक' हें नांव दिलें. गुप्तता इतकी कीं, त्यांतील स्फटिकालाहि 'ॲस्डिव्हाइट' असें बनावट नांव होतें. १९३९ सालीं शब्दकोशाकरितां विचारणा झाली, तेव्हां पाणबुडीशोधनाच्या एका दोस्तराष्ट्रीय समितीच्या नांवांतील आद्याक्षरें जुळवून हा शब्द झाला असें उत्तर देण्यांत आलें. परंतु त्या नांवाची समिति होती असा पुरावा पुढें कागदपत्रें धुंडाळणारांना सांपडला नाहीं. अमेरिकनांनीं 'सोनार' हा शब्द प्रचारांत आणला आणि आज सर्वत्र तोच रूढ आहे.

दोन युद्धांमधील वीस वर्षांत या यंत्रावर आरमारखात्याची फाजील श्रद्धा बसली. १९१७ सारखी आपत्ति पाणबुडी पुनः कधीं ओढवूं शकणार नाहीं, असा निर्वाळा १९३७ सालीं तेथील अधिकाऱ्यांनीं दिला. दुसरें महायुद्ध सुरू होऊन दीड महिना झाला नाहीं, तोंच १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्रीं एक जर्मन पाणबुडी स्कॅपा फ्लो या आरमारी ठाण्याच्या आंत शिरली आणि 'रॉयल ओक' ही युद्धनौका आठशेंहून अधिक माणसांसह बुडवून सुखरूप निघून गेली. जर्मन सेनानी ड्यॉनिट्स यानें यंत्राचें वर्म अचूक हेरलें होतें. ॲस्डिक पाण्याखालीं पाहतें. तर मग हल्ला रात्रीं, पाण्यावर येऊन, टोळीनें करावा. लांडग्यांच्या कळपाप्रमाणें पाणबुड्या तांड्यांत घुसूं लागल्या, आणि ज्या यंत्रावर भिस्त ठेविली होती तें यंत्र मुकें राहिलें.

दुसरें एक वर्म अगदीं शेवटच्या घडीचें. ॲस्डिकचा झोत तिरकस पुढें जातो. पाणबुडीच्या अगदीं जवळ आल्यावर ती झोताच्या खालीं जाते, आणि शेवटचे दीडदोनशें यार्ड जहाज आंधळ्यासारखें चालतें. पाणसुरुंग जहाजाच्या मागच्या बाजूनें टाकावयाचे असल्यामुळें तोंपर्यंत पाणबुडीला वळून निसटावयास वेळ मिळे. यावर 'हेजहॉग' नांवाचें हत्यार निघालें. तें चोवीस बाँब एकदम पुढें फेकी, आणि तेहि शोधयंत्राची पकड असतांनाच. पाण्यावर आलेल्या पाणबुडीसाठीं आंखूड लहरींचें रडार आलें; त्याच्या मुळाशीं १९४० सालीं बर्मिंगहॅम येथें रँडॉल आणि बूट यांनीं बनविलेली मॅग्नेट्रॉन नळी होती. पाणबुड्यांचे बिनतारी संदेश कोठून निघाले हें सांगणारीं यंत्रें आलीं, दूर पल्ल्याचीं विमानें आलीं. हें सर्व एकत्र आलें तेव्हां, १९४३ च्या एकट्या मे महिन्यांत, जर्मनीच्या चाळिसांहून अधिक पाणबुड्या नष्ट झाल्या, आणि ड्यॉनिट्सला त्या उत्तर अटलांटिकांतून मागें घ्याव्या लागल्या. जर्मन पाणबुड्यांवर सुमारें चाळीस हजार माणसें लढावयास गेलीं. त्यांतील तीस हजारांच्या आसपास परत आलीं नाहींत. शत्रु झाला तरी ती मनुष्यहानि भयंकरच होय.

आतां समुद्र स्वतः या यंत्राशीं कसा खेळ खेळतो, तें ऐका. १९३७ च्या सुमारास अमेरिकन नौदलास असें आढळलें कीं, सकाळीं उत्तम चालणारें शोधयंत्र दुपारीं बिघडल्यासारखें वागतें. भोजनोत्तर सुस्तीमुळें ऐकणाऱ्या खलाशांचें लक्ष लागत नसावें, असा प्रथम संशय आला. वुड्स होल येथील समुद्रशास्त्रज्ञांनीं पाण्याचें उष्णमान मोजलें आणि खलाशी निर्दोष ठरले. दोष सूर्याचा होता. उन्हानें वरचा थर तापतो, आणि उष्ण पाण्यांत ध्वनीचा वेग अधिक असल्यामुळें आवाजाचा झोत खालच्या थंड पाण्याकडे वांकतो. वरच्या भागांत कांहीं अंतरापुढें एक सावली पडते, आणि त्या सावलींतील पाणबुडीला शोधयंत्राची हांक पोंचतच नाहीं. तेव्हांपासून पाण्याच्या थराथराचें उष्णमान टिपणारें एक लहानसें यंत्र, जें स्पिलहॉस यांनीं सिद्ध केलें, तें जहाजांना फार उपयोगी पडूं लागलें. शत्रूचा वेध घेणाऱ्याला आधीं समुद्राचा अभ्यास करावा लागला.

श्रोते हो, ही सारी कथा दूर देशींची वाटेल. पण तिचे धागे आपल्या दारापर्यंत पोंचले आहेत. दोन्ही महायुद्धांत आगबोटींच्या भट्ट्यांपाशीं कोळसा ओढणाऱ्यांत आणि डेकवर राबणाऱ्यांत कोंकणपट्टींतील कितीतरी माणसें होतीं. टॉर्पेडो आदळे तो बहुधा त्यांच्याच अंगाशीं, जलरेषेखालीं. २० नोव्हेंबर १९४२ रोजीं मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली 'टिलावा' बोट तीन दिवसांनीं जपानी पाणबुडीनें बुडविली, आणि २८० माणसें गेलीं. पाणबुडीविरोधी विद्येची शाळा आपल्या वेसाव्याच्या किनाऱ्यावर होती, आणि तिचें नांवहि अस्सल आपल्याकडचें, 'मछलीमार'. हिंदी नौदलाच्या 'जमना' नौकेनें ११ फेब्रुवारी १९४४ रोजीं दोन ऑस्ट्रेलियन जहाजांच्या सोबतीनें बंगालच्या उपसागरांत एक जपानी पाणबुडी बुडविली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत 'गोदावरी'नें ब्रिटिश 'फिंडहॉर्न'च्या जोडीनें सेशेल्स बेटांजवळ एका जर्मन पाणबुडीचा निकाल लाविला.

आणि एक हकीकत हर्षाची नाहीं. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं 'खुकरी' आणि 'किरपाण' या आपल्या दोन नौका दीवच्या दक्षिणेस पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधांत होत्या. शोधयंत्राचा पल्ला वाढविण्याची एक नवी जोड 'खुकरी'वर अजमावली जात होती, आणि तिच्यासाठीं वेग कमी ठेवावा लागे. 'हँगोर' ही पाणबुडी नव्या धाटणीची, तिचे कान अधिक तीक्ष्ण. तिनें या नौकांची चाहूल आधींच घेतली होती. तिच्या टॉर्पेडोनें 'खुकरी' कांहीं मिनिटांतच बुडाली. अठरा अधिकारी आणि एकशें शहात्तर नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनीं इतरांना वाट करून दिली आणि स्वतः जहाज सोडलें नाहीं. ऐकण्यासाठीं मंद व्हावें तर शिकार व्हावें लागतें, हा १९१४ सालचा पेंच सत्तावन्न वर्षांनीं आपल्या माणसांपुढें पुनः उभा राहिला होता.

त्या धड्याचें चीज झालें, हें सांगतांना समाधान वाटतें. कोचीच्या नौदल प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं आपल्या उष्ण समुद्रांचा विचार करून स्वदेशी शोधयंत्र तयार केलें, आणि १९८० नंतरच्या दशकांत तें नव्या 'गोदावरी'च्या जातीच्या नौकांवर बसलें. परदेशी थंड समुद्रांसाठीं घडविलेलें यंत्र आपल्या पाण्यांत तितकेंच चालेल असें नाहीं, ही गोष्ट आपण फार मोठें मोल देऊन शिकलों.

दीवच्या एका टेंकडीवर 'खुकरी'चें स्मारक आहे. कांचेच्या पेटींत त्या नौकेची लहानशी प्रतिकृति ठेविली असून तिचें तोंड समुद्राकडे आहे. आपणांपैकीं कोणी तिकडे गेलात, तर त्या पायऱ्या अवश्य चढून जा, आणि तेथून समोरच्या पाण्याकडे क्षणभर पहा. वरून तें सारखें, निळें आणि शांत दिसतें. त्याच्या आंत काय चाललें आहे तें जाणून घेण्याकरितां पाण्याला कान लावून बसलेल्यांपैकीं एकशें चौऱ्याण्णव जण तेथेंच राहिले आहेत.